प्रवाशाची दाढ

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (गेले आठ दिवस पाठ धरल्यामुळे मी तसाही वाकलेलाच आहे, त्यामुळे नमस्काराला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा रक्तदाब ताळ्यावर आहे ना? मागे फोनवर त्या सांगत होत्या, की तुम्ही सकाळी फिरायला जाता ते रस्त्यातला एकेक दगड उलटा करून बघत जाता आणि अर्ध्या तासाच्या फेरीला दोन तास लावता. बघा बापडे, पण निदान घरी तरी आणू नका. इकडे मुलं मजेत, तुमची भाचेसून मजेत. मी मजेत नाही, पण ते पुढे येईलच. पत्र लांबलचक आहे. चष्मा लावा, दार लोटून घ्या आणि एकट्याने वाचा. मामींनी विचारलंच तर ऑफिसचं काहीतरी आहे म्हणून सांगा.

तुम्ही निवृत्त झालात तरी आपली खोली आहे तशीच आहे. तोच तिसरा मजला, तीच एक खिडकी, तोच गळका नळ (तीनदा दुरुस्त झाला, आता जास्त गळतो), आणि हाडांवरचा दगड कोरताना उडालेली तीच पांढरी धूळ, जी मी घरी गेल्यावर कानातून निघते. तुमच्या टेबलावर आता मी बसतो. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत बसत होतो. नवीन कुणी कामाला लागलं की सर पहिल्या दिवशी त्याला तुमच्या टेबलाजवळ उभं करतात आणि सांगतात, या टेबलावर अडतीस वर्षांत एकही हाड चुकीच्या जागी बसलं नाही. मग ते माझ्याकडे एकदा बघतात आणि नव्या माणसाला घेऊन पुढच्या खोलीत जातात.

आता मुद्द्याचं. तळच्या करड्या थरातून निघालेला तो खालचा जबडा तुम्हाला आठवत असेल, अंगठ्याच्या नखाएवढा, उंदराच्या आकाराच्या कुठल्याशा प्राण्याचा. त्यात एकच दाढ शाबूत, तीन टोकांची, आणि टोकं त्रिकोणात मांडलेली. (हे सगळं तुम्हाला सांगणं म्हणजे शिंप्याला सुई दाखवणं आहे, पण या पत्रात सगळं पहिल्यापासून यायला हवं. का, ते नंतर कळेल.) असल्या दाढेचे प्राणी समुद्रापलीकडच्या मोठ्या खंडावर होते आणि इकडे आले ते फार उशिरा, वरचा लाल थर साचला त्या सुमाराला, असं सगळं जग मानतं. जग म्हणजे आपले सर सोडून उरलेले. सरांचं म्हणणं, मधे समुद्र शिरण्याआधीच, जमीन सलग होती तेव्हा, हे प्राणी पायी पायी इकडे आले. म्हणजे जग मानतं त्याच्या दोन कोटी वर्षं आधी. एकोणीस वर्षं सर हे सांगत होते आणि एकोणीस वर्षं लोक त्यांना प्रेमाने चहा पाजून घरी पाठवत होते. मग मागच्या वर्षी जुन्या कपाटातल्या एका ट्रेमध्ये त्यांना हा जबडा दिसला. करड्या थरातला जबडा आणि त्यात ती दाढ. त्यांनी त्याचं नाव ठेवलं प्रवासी. त्यांनी बुटांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून दोन खंड तयार केले, आणि खोलीत येईल त्याला ते खंड टेबलावर एकमेकांना भिडवून, मधून बोट चालवत, प्रवासी कसा आला ते दाखवू लागले. टपाल घेऊन येणाऱ्या माणसालाही दाखवलं. तो आता टपाल खालीच ठेवून जातो.

लेख तयार झाला. मासिकाने तो तपासायला एका बाईंकडे दिला. प्राचीन दाढांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा, म्हणून आम्ही आपसात त्यांना दाढवाल्या बाई म्हणायला लागलो. बाईंनी कळवलं, जबडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ देणार नाही, अमुक तारखेला येते. सरांनी ती तारीख भिंतीवर लिहिली. खाली दोन रेघा मारल्या.

त्या तारखेच्या आठ दिवस आधी सरांनी मला प्रवाशाचे फोटो काढायला सांगितलं. भिंगाखाली ठेवला, दिवा लावला, सगळ्या बाजू घेतल्या. दाढेच्या मुळाशी, जिथे ते किंचित तुटलेलं आहे, टाचणीच्या टोकाएवढी एक पोकळी आहे. त्या पोकळीत मातीचा एक कण होता, आणि तो लाल होता. मामा, करड्या थरात लाल माती नसते. मी भिंग पुसलं. मग चष्मा पुसला. मग दिवा बदलला. कण लालच. जबडा करड्या थरातला, दाढ लाल थरातली. प्रवासी खंड ओलांडून वगैरे काही आलेला नव्हता. त्याची दाढ शेजारच्या ट्रेमधून आली होती, हातभर अंतर कापून, आणि तेही आपल्याच टेबलावर.

हे कसं झालं, ते नीट सांगतो. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तुमचा नियम होता, टेबलावर एका वेळी एकच ट्रे. दुसरा हवा असेल तर आधी पहिल्यात चिठ्ठी ठेवायची, तो कपाटात सारायचा, कपाट लावायचं, हात धुवायचे आणि मग दुसरा काढायचा. या हात धुण्यावरून मी तुमच्याशी किती हुज्जत घातली असेल. तो नियम मी मोडला. कामं तुंबली होती, घाई होती, मी करड्या थराचा ट्रे आणि लाल थराचा ट्रे शेजारी शेजारी मांडले. एका जबड्यात दाढेची जागा रिकामी, दुसऱ्या ट्रेमध्ये एक दाढ सुटी. रिकामी जागा दिसली की आपला हात स्वस्थ बसत नाही, हे तुम्ही जाणताच. बसली पण इतकी चपखल की पुन्हा बघावंसं वाटू नये. मी रजिस्टरही काढून पाहिलं. त्या तारखेला, त्या ट्रेच्या पुढे, माझी सही आहे. तेव्हा शंकेला जागाच नाही. दाढ मी चिकटवली.

फोटो झाल्या झाल्या सरांनी जबडा आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. (गळ्यात म्हणजे खरोखर गळ्यात, चष्म्याच्या दोरीला.) म्हणजे गुपचूप काही दुरुस्त करावं म्हटलं तर तोही मार्ग बंद. उरलं सरांना सांगणं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो, घसा साफ केला, आणि त्यांनी न बघताच पुठ्ठ्याचा एक खंड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जरा धर. मी वीस मिनिटं खंड धरून उभा होतो. ते दुसरा खंड कमीजास्त तिरका करून बघत होते, गुणगुणत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता की दाढेचा विषय काढणं मला जमलं नाही. मामा, या माणसाला मी इतक्या वर्षांत गुणगुणताना ऐकलेलं नाही. मी खंड खाली ठेवला आणि बाहेर आलो.

तोंडाने जमत नाही तर लेखी सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिली. चार ओळी, स्पष्ट, खाली नाव. ती त्यांच्या टेबलावर, दगड झालेल्या त्या जुन्या गोगलगायीखाली ठेवली. दुपारी सरांनी मला बोलावलं. त्यांनी तीच चिठ्ठी माझ्या हातात दिली. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी प्रवाशाच्या जबड्याची सुंदर आकृती काढली होती, बाण वगैरे दाखवून. म्हणाले, ही जपून फाइलला लाव, छापायची आहे. चिठ्ठी त्यांनी उलटी उचलली होती, आणि उलटीच परत दिली. मी ती फाइलला लावली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर माझा कबुलीजबाब सहा दिवस फाइलमध्ये होता. तिसऱ्या वेळी जिन्यात गाठलं, तर त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तुझ्या मामांनी हे बघायला हवं होतं. त्यानंतर मी प्रयत्न सोडला. घरी जेवण जाईना. भाचेसून म्हणाली, तुम्ही ऑफिसात काय करून ठेवलंय ते सांगा, नाहीतर मी फोन करून विचारते. मी तिला दाढ दुखते म्हणून सांगितलं.

बाई आल्या. माझ्या मनात एक धिप्पाड, करड्या आवाजाची बाई होती. आल्या त्या लहानखुऱ्या, सर्दीने बेजार, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी रुमाल काढला, मग दुसरा रुमाल, आणि मग स्वतःचा जांभळ्या उजेडाचा दिवा. अंधारात त्या उजेडाखाली हाड एका रंगात चमकतं आणि डिंक दुसऱ्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणाल्या, आधी भिंगाखाली पाहते, मग खोली काळोखी करून या दिव्याखाली.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. बाई भिंगाला डोळा लावून बसलेल्या. सर त्यांच्या खुर्चीमागे, एका हातात पुठ्ठ्याचा खंड, त्याची कड अंगठ्याने घासत. मी खिडकीजवळ, दिव्याच्या बटणापाशी, कारण बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. नळ गळत होता. बाई मधेच शिंकायच्या आणि तिघंही दचकायचो, कारण शिंकेने उडून जाईल एवढाच तर तो जबडा. एकदा त्या पुटपुटल्या, दाढ सुरेख आहे. सरांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते पाहून मला वाटलं, गप्पच राहावं. लाल कण बाईंना दिसला नाही तर नाही दिसला. लेख छापून येईल, सर निवृत्त होतील, जगाचं काय बिघडणार आहे? दोन कोटी वर्षं इकडे का तिकडे. असं मला खरोखर वाटलं, आणि त्याची आता लाज वाटते. तेवढ्यात बाई खुर्ची मागे सारून म्हणाल्या, आता बंद करा दिवे.

माझा हात बटणावर होता. मी दिवे बंद केले नाहीत. म्हणालो, एक मिनिट हं, वर धूळ दिसतेय, पुसून आणतो. आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत ट्रे उचलून मोरीपाशी गेलो, दोघांकडे पाठ करून. तिथे काय झालं ते थोडक्यात सांगतो. दाढ हातात आली. मी गडबडलो आणि स्पिरिटचा बोळा घेऊन जबड्यातली जागा आणि दाढेचं मूळ पुसून काढलं, फक्त पोकळीतला लाल कण तेवढा तसाच ठेवला. चार मिनिटं लागली असतील. मागे बाईंची खुर्ची दोनदा करकरली, आणि सरांनी एकदा माझं नाव घेतलं. मग मी वळलो. एका तळहातावर जबडा, दुसऱ्यावर दाढ. म्हणालो, सर, ही दाढ या जबड्याची नाही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या हातून चूक झाली.

सरांनी दाढ घेतली, भिंगाखाली ठेवली, वाकले. मी त्यांची मान बघत उभा होतो. लाल कण त्यांना लगेच दिसला असणार, पण ते वर आले नाहीत. किती वेळ वाकून होते कोण जाणे. वर आले तेव्हा चेहरा पांढरा होता, आणि मग ते ओरडले. गंमत बघा, लेखाबद्दल एक शब्द नाही, एकोणीस वर्षांबद्दल नाही. ओरडले ते मी जागा पुसली म्हणून. जुना डिंक हा पुरावा असतो, तो पुसायचा नसतो, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, तुझ्या मामांनी तुला हे शिकवलं नाही का. पूर्ण अर्धा तास. बाई बिचाऱ्या रुमालात नाक खुपसून बसल्या होत्या. मी एवढंच म्हणत राहिलो, की मामांनी शिकवलं होतं, मीच विसरलो.

मग बाई हळूच म्हणाल्या, जबडा चांगला आहे आणि दाढही चांगली आहे, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. सर खाली बसले. त्यांनी पुठ्ठ्याचे दोन्ही खंड उचलले, टेबलाच्या खणात ठेवले आणि खण लावला. ते मला बघवलं नाही. त्यानंतर त्यांनी कागद ओढला आणि तिथेच, बाईंच्या समोर, मासिकाला पत्र लिहिलं की लेख मागे घेतो, चूक आमच्या खोलीची आहे. आमच्या खोलीची म्हणाले, मामा, माझं नाव घेतलं नाही. मी काही बोलायला गेलो तर हाताने थांबवलं.

मला नोकरीवरून काढलेलं नाही. टेबलावरून काढलं आहे. आता मी तळघरात, हत्तीच्या पूर्वजांच्या मांड्या घासतो. एकेक मांडी माझ्या उंचीची, त्यामुळे चुकून शेजारच्या ट्रेमध्ये जाण्याची भीती नाही. त्या वर्षी रजिस्टरात माझ्या सहीने नोंदलेला प्रत्येक जबडा आता पुन्हा उघडून तपासणार आहेत, आणि ते बरोबरच आहे. शिक्षा योग्य आहे. माझ्या घाईने सरांचं एवढं नुकसान झालं, तुमच्या हाताखाली शिकून मी तुम्हाला खाली बघायला लावलं, त्याबद्दल काय तोंडाने माफी मागू? रागावलात तर रागवा, पण तब्येतीला जपा.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना शेक द्या.

तुमचा, अजून पगारपत्रकावर नाव असलेला,
भाचा

ता. क. मामींनी सांगितलेला गुडघ्याचा पट्टा मिळाला, वेगळ्या टपालाने पाठवतो. दुकानदार म्हणाला, डावा-उजवा बघून घाला. तुम्ही बघणार नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

ता. क. दुसरा. सोमवारी सकाळी सर तुम्हाला फोन करणार आहेत. त्या वेळी तुमच्या भाच्याचा हात कसा होता, एवढंच त्यांना विचारायचं आहे. वर लिहिलं आहे ते सगळं मी त्यांना शब्दशः असंच सांगितलं आहे. तेव्हा पत्र अजून एकदा वाचा. दोन ट्रे मी मांडले, दाढ मी चिकटवली, घाई माझी होती. हे पाठ झालं की पत्र फाडून टाका.

ता. क. तिसरा. फाडण्याआधी हे वाचा. मामा, त्या तारखेला मी त्या खोलीत नव्हतोच. मी तुमच्या घरी, मधल्या खोलीत, काविळीने पिवळा होऊन पडलो होतो, तीन आठवडे. नोकरी तेव्हा कच्ची होती, इतके दिवस गैरहजेरी लागली असती तर गेलीच असती. सर त्या हंगामात खोदकामावर बाहेर होते. म्हणून तुम्ही माझं कामही अंगावर घेतलंत आणि रजिस्टरात माझी सही केलीत. (माझ्याहून चांगली करता.) ती सही बघितली आणि मला सगळं लख्ख आठवलं. दाढेखाली डिंक नव्हता, लाख होती. त्या खोलीत लाख विरघळवून लावणारे तुम्ही एकटेच, मी तेव्हाही बाटलीतला डिंक वापरून तुमची बोलणी खायचो. जांभळ्या उजेडात लाख नारिंगी दिसते. दिवे बंद झाले असते तर सरांनी पहिल्या क्षणी ओळखली असती, म्हणून पुसली.

अडतीस वर्षांत तुम्ही तो नियम फक्त त्या तीन आठवड्यांत मोडलात. टेबलावर दोन ट्रे होते, कारण त्यातला एक माझा होता. हे कळल्यापासून मला एकटं बसलं की रडू येतं, आणि तळघर त्या दृष्टीने सोयीचं आहे. त्या तीन आठवड्यांत तुमच्या हाताखालून गेलेले बाकीचे अकरा जबडे मी जेवणाच्या सुट्टीत एकेक करून भिंगाखाली तपासले. सगळे बिनचूक. म्हणजे दडवण्यासारखं आणखी काही नाही, हे मी शपथेवर सांगतो.

तुम्ही आता उठाल आणि सरांना खरं सांगायला फोनकडे जाल, हे मला इथे बसून दिसतंय. जाऊ नका. तुम्ही बोललात की अडतीस वर्षांची सगळी कपाटं उघडतील, आणि ज्या टेबलाजवळ सर लोकांना उभं करतात तिथे उद्यापासून कुणी उभं राहणार नाही. माझं काय, माझ्याकडून सगळ्यांना हीच अपेक्षा होती. सरांनी विचारलं तर 'घाईचा होता' एवढंच म्हणा.

तेवढंही तुमच्या तोंडून निघणार नाही, म्हणून फोन मामींना उचलू द्या. सुरुवातीला काहीही लिहिलं असलं, तरी त्यांना मी सगळं कळवलं आहे. काविळीच्या वेळी ऑफिसातून घरी फोन आला की 'तो केव्हाच निघाला' असं त्याच सांगायच्या, आणि अकरा वर्षांत कुणाला संशय आलेला नाही.